ट्रॅक्टरच्या बॅटरीचे आयुष्य व तिची निगा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत वाफसा आला म्हणजे शेतकऱ्याला एकेक तास मोलाचा वाटू लागतो. नांगरट व कुळवणी उन्हाळ्यात उरकलेली असते, बी-बियाणे व खत घरात आणून ठेवलेले असते, पेरणीयंत्र जोडून तयार असते. अशा वेळी ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसावे, हा अनुभव पुष्कळ गावांतून येतो. मग ट्रॅक्टर ढकलण्यासाठी माणसे गोळा करावी लागतात, शेजाऱ्याची बॅटरी मागावी लागते, नाही तर तालुक्याच्या गावी जाऊन नवी बॅटरी आणावी लागते. तोवर वाफसा जातो, किंवा पुन्हा पाऊस येऊन शेतात पाय घालता येत नाही. बॅटरीची किंमत काही हजार रुपये असते. परंतु हुकलेल्या पेरणीची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते.

अशी बॅटरी त्या सकाळीच निकामी झाली, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तिचा ऱ्हास चैत्र-वैशाखाच्या उन्हात अथवा छपराखाली पडून राहिलेल्या महिन्यांत होऊन गेलेला असतो. तो उघडकीस मात्र पेरणीच्या दिवशी येतो. म्हणून बॅटरी किती काळ टिकते आणि तिचे आयुष्य कशाने घटते, हे शेतकरी बंधूंनी नीट समजून घ्यावयास हवे.

बॅटरीत घडते काय?

ट्रॅक्टर, जीप, मोटार व मालमोटार यांतील बॅटरी बहुधा शिसे व आम्ल यांची असते. या जातीच्या बॅटरीचा शोध गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. तीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ क्रिया तीच राहिली आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. कारागीर त्यांना ‘सेल’ म्हणतात. प्रत्येक घटातून दोन व्होल्टहून किंचित अधिक दाब मिळतो. घटात दोन प्रकारच्या प्लेटा असतात. धन प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा तपकिरी लेप असतो, तर ऋण प्लेटांवर करड्या रंगाचे सच्छिद्र शिसे असते. या प्लेटा पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश दोन्ही प्लेटांवर जाऊन तेथे शिशाचे सल्फेट तयार होते व आम्ल पातळ होत जाते. बॅटरी पुन्हा चार्ज केली म्हणजे हे सल्फेट विरघळून आम्ल पूर्ववत् तीव्र होते. याच कारणाने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजून बॅटरी किती भरलेली आहे, हे सांगता येते.

सल्फेट ताजे असते तोवर ते मऊ व बारीक कणांचे असते आणि चार्ज करताच निघून जाते. परंतु उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, तर या कणांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात. मग कितीही चार्ज केले तरी ते विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो. बॅटरीच्या अकाली मृत्यूची जी कारणे आहेत, त्यांत हे एक प्रमुख होय.

आयुष्य किती?

मोटारीची अथवा ट्रॅक्टरची बॅटरी चांगली निगा राखल्यास साधारणपणे तीन ते पाच वर्षे टिकते. थंड प्रदेशात ती याहून अधिक काळही चालते. उष्ण प्रदेशात, धक्के खाणाऱ्या यंत्रावर आणि दुर्लक्ष झाल्यास मात्र ती दोन वर्षांतच, कधी कधी त्याआधीही, निकामी होते. एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन बॅटऱ्यांच्या आयुष्यात दुपटीचे अंतर पडू शकते. हे अंतर पडते ते मुख्यतः उष्णता, पडून राहणे, पाण्याची हेळसांड, चुकीचे चार्जिंग व भलता वापर या पाच कारणांनी.

उष्णता

थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू होत नाही, म्हणून थंडी ही बॅटरीची शत्रू आहे, अशी समजूत आहे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते व इंजिनातील तेल घट्ट होते, हे खरे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा जोराने दाबून तापवावी लागते. त्यामुळे ते सुरू करताना सेल्फ स्टार्टर काही शे अँपिअर प्रवाह ओढतो. दुर्बळ बॅटरीला हे ओझे निफाडकडील पौषातल्या पहाटे पेलत नाही. परंतु तिला दुर्बळ केलेले असते ते आधीच्या उन्हाळ्याने.

उष्णतेने धन प्लेटांची शिशाची जाळी लवकर गंजते, पाणी लवकर उडून जाते आणि बॅटरी नुसती ठेवली असतानाही लवकर उतरते. ढोबळ आडाखा असा की, बॅटरीचे तापमान सदोदित १० अंश सेल्सिअसने अधिक राहिले, तर तिचे आयुष्य अदमासे निम्म्यावर येते. जळगाव, अकोला, चंद्रपूर या भागांत वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यात इंजिनाची धग मिळाली म्हणजे बॅटरीला किती ताप सोसावा लागत असेल, याची कल्पना करता येईल.

हवामान बदलणे कोणाच्या हातचे नाही. परंतु काही गोष्टी सहज करता येतात. नांगरट थांबवून दुपारी विसावा घेताना ट्रॅक्टर लिंबाच्या अथवा आंब्याच्या सावलीत उभा करावा. बॅटरी व इंजिन यांच्यामध्ये कारखान्याने आड पत्रा बसविला असेल, तर दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकू नये. रेडिएटरची जाळी भुशाने व धुळीने भरू देऊ नये. इंजिन जितके तापेल तितकी बॅटरीही तापते.

पडून राहणे

मालमोटार रोज रस्त्यावर धावते, म्हणून तिची बॅटरी रोज चार्ज होते. ट्रॅक्टरचे तसे नाही. पेरणी, आंतरमशागत, मळणी व नांगरट या हंगामांत तो रात्रंदिवस राबतो आणि मधल्या काळात आठवडेच्या आठवडे उभा राहतो. बॅटरी वापरली नाही म्हणजे ती झिजत नाही, असे पुष्कळांना वाटते. येथेच चूक होते. शिशाची बॅटरी जोडणी काढून ठेवली तरी आतल्या आत हळूहळू उतरत असते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की या उतरण्याचा वेग अदमासे दुप्पट होतो. शिवाय नव्या ट्रॅक्टरांत व मोटारींत घड्याळ, गजर अथवा ठावठिकाणा दाखविणारे यंत्र बसविलेले असते. किल्ली काढून घेतली तरी ही साधने थोडी थोडी वीज घेतच राहतात.

दोन शेतकऱ्यांनी एकाच दिवशी सारख्याच बॅटऱ्या घेतल्या, असे समजावे. पहिल्याने रब्बीची पेरणी उरकल्यावर ट्रॅक्टर छपराखाली लावला आणि तो मळणीपर्यंत तसाच ठेवला. दुसऱ्याने ट्रॅक्टर उभा करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज केली, तिची जोडणी सोडली व दर महिन्याला ती तपासून गरजेप्रमाणे पुन्हा चार्ज केली. पहिल्याची बॅटरी दोन महिन्यांत अर्धीमुर्धी उतरते. तिच्या प्लेटांवर कठीण सल्फेट धरते आणि पुढे कितीही चार्ज केले तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. असे दोन-तीन हंगाम झाले की ती संपते. दुसऱ्याची बॅटरी तेवढ्याच काळात बव्हंशी नव्यासारखी राहते. दोघांच्या श्रमांतील फरक महिन्यातून एका दिवसाचाही नसतो.

काही शेतकरी आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर सुरू करून पाच मिनिटांनी बंद करतात. यापासून लाभ होण्याऐवजी हानीच होण्याचा संभव असतो. इंजिन सुरू करताना बॅटरीतून जी वीज खर्ची पडते, ती इतक्या थोड्या वेळात व मंद गतीवर भरून निघत नाही. ट्रॅक्टर चालू करावयाचा तर तो अर्धा-पाऊण तास कामाच्या गतीवर चालवावा. आठवडी बाजारापुरती काढल्या जाणाऱ्या मोटारीसही हाच नियम लागू आहे.

पाण्याची हेळसांड

ज्या बॅटरीस पाणी घालण्याची बुचे असतात, तिच्यातील पाणी चार्जिंगच्या वेळी वायुरूपाने व उष्णतेने वाफ होऊन कमी होत जाते. आम्ल मात्र उडून जात नाही. पाण्याची पातळी घसरली की प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो, वाळतो व कायमचा निकामी होतो. म्हणून पाणी प्लेटांच्या वर सुमारे १० ते १२ मिलिमीटर, अथवा डब्यावर खूण असल्यास त्या खुणेपर्यंत, ठेवावे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा व उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पातळी पाहावी.

भर घालावयाची ती फक्त बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचीच. विहिरीच्या, नळाच्या अथवा बोअरच्या पाण्यातील क्षार व लोह प्लेटांना घातक ठरतात. पिण्यासाठी यंत्राने गाळलेल्या पाण्यातही काही क्षार शिल्लक राहतात; तेही वापरू नये. बॅटरी दुर्बळ वाटली म्हणून तीत आम्ल ओतणे ही तर मोठीच चूक होय. त्याने हायड्रोमीटर चांगला आकडा दाखवील, पण प्लेटा लवकर खाल्ल्या जातील. आम्ल सांडून गेले असेल तरच ते भरावे, आणि तेही जाणत्या कारागिराकडून.

पाणी चार्ज करून झाल्यावर घालावे. चार्ज होताना आतील द्रव फुगतो, म्हणून आधीच काठोकाठ भरल्यास आम्ल बाहेर येऊन पेटी व पत्रा खाते. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील, तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे.

पाणी घालावे न लागणाऱ्या बॅटऱ्या आता सर्रास मिळतात. त्यांच्या प्लेटांत वेगळ्या मिश्रणाचे शिसे वापरतात, त्यामुळे पाणी फार कमी उडते. परंतु उष्णता व पडून राहणे यांपासून त्यांनाही अपाय होतोच. निगा नको, याचा अर्थ पाणी नको, एवढाच समजावा.

चार्जिंग

इंजिन चालू असता अल्टरनेटर बॅटरीस चार्ज करतो. पंख्याचा पट्टा सैल असेल तर तो पुरेसा फिरत नाही व बॅटरी अर्धपोटी राहते. उलट व्होल्टेज नियंत्रक बिघडला तर बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होते, तापते व पाणी झपाट्याने आटते. इंजिन मध्यम गतीवर असता बॅटरीच्या टोकांवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब असावा. वारंवार पाणी घालावे लागत असेल, तर दोष बहुधा नियंत्रकात असतो. तो दुरुस्त न करता नवी बॅटरी बसविल्यास तिचीही तीच गत होते.

बाहेर चार्ज करताना घाई करू नये. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या एक दशांशाहून अधिक प्रवाह देऊ नये. उदाहरणार्थ, ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअरपर्यंत प्रवाह पुरे. हाताला डबा फार गरम लागू लागला तर चार्जिंग थांबवून ती निवू द्यावी.

भलता वापर

इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ संख्येने असतात. क्षणभर मोठा प्रवाह द्यावा व लगेच पुन्हा भरावी, यासाठी तिची रचना असते. मंद पण दीर्घकाळ वीज देणे हे तिचे काम नव्हे. वरातीत ट्रॉलीवर ध्वनिवर्धक वाजविणे, वीज गेली असता घरात दिवे लावणे, रानडुकरांसाठी कुंपणाला झटका यंत्र जोडणे, अशा कामांना ट्रॅक्टरची बॅटरी लावल्यास ती तळापर्यंत उतरते. असे काही वेळा झाले तरी तिची शक्ती कायमची घटते. या कामांसाठी जाड प्लेटांची, सावकाश उतरणारी निराळी बॅटरी मिळते, तीच वापरावी.

इंजिन सुरू होत नसेल तर किल्ली एका वेळी १० सेकंदांहून अधिक दाबून धरू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी. दोन-तीनदा प्रयत्न करूनही इंजिन न लागल्यास डिझेलमध्ये हवा तर शिरली नाही ना, हे पाहावे. पुष्कळदा दोष तेथे असतो आणि शिक्षा बॅटरीस होते.

खडबडीत रानात बॅटरी पेटीत हलत राहिली तर प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो. यास्तव पकड नेहमी घट्ट ठेवावी. टोकांवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी पुसून, त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. सोड्याचे पाणी बुचातून आत जाऊ देऊ नये. कित्येकदा बॅटरी गेली असे वाटते, तेव्हा दोष केवळ या सैल व गंजलेल्या जोडणीत असतो. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवल्यास उतरते, ही समजूत मात्र प्लास्टिकच्या डब्यांच्या बॅटऱ्यांना लागू नाही. डब्याच्या माथ्यावरील ओली घाण मात्र वीज झिरपू देते. म्हणून माथा स्वच्छ व कोरडा ठेवावा.

तपासणी कशी करावी?

पाण्याच्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर हे स्वस्त व उत्तम साधन होय. साधारणपणे पूर्ण भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५, निम्म्या भरलेल्या बॅटरीत १.१९० आणि रिकामीत १.१२० च्या आसपास येते. उष्ण प्रदेशासाठी काही बॅटऱ्यांत आम्ल थोडे सौम्य भरतात. तेथे कारखान्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा. सहा घटांपैकी एकाचा आकडा इतरांहून ०.०५० पेक्षा अधिक खाली असेल, तर तो घट बिघडला असे समजावे.

बंद बॅटरीस व्होल्टमीटर लावावा. इंजिन बंद करून काही तास लोटल्यावर दाब पुढीलप्रमाणे वाचावा :

१२.६ व्होल्ट वा अधिक – पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट – सुमारे पाऊण भरलेली
१२.२ व्होल्ट – सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट – सुमारे पाव
त्याहून कमी – जवळजवळ रिकामी

१२.४ व्होल्टच्या खाली आकडा गेला की बॅटरी चार्ज करण्यास विलंब लावू नये.

सुरक्षितता

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने स्फोट पावतो. बॅटरीजवळ बिडी ओढू नये, आगकाडी पेटवून पाण्याची पातळी पाहू नये. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे. जोडणी काढताना ऋण टोक प्रथम सोडावे व बसविताना ते शेवटी जोडावे. हातातील कडे अथवा अंगठी काढून ठेवावी. तिचा दोन्हीकडे स्पर्श झाल्यास हात भाजतो. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

निकामी बॅटरी घराशी फोडणे, तिचे आम्ल ओढ्यात वा उकिरड्यावर ओतणे, अथवा शिसे चुलीवर वितळविणे हे अत्यंत घातक आहे. शिशाची धूळ व धूर मुलांच्या मेंदूस इजा करतात आणि एकदा मातीत मिसळलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते. बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी. तिचे मोलही किमतीतून वजा होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावातील ट्रॅक्टरमालकांची एक बैठक वैशाखाच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे, घ्यावी. एक हायड्रोमीटर व एक व्होल्टमीटर गावात सर्वांसाठी ठेवल्यास खर्च नाममात्र येतो. प्रत्येक बॅटरी सर्वांसमक्ष तपासून पुढील गोष्टी दाखवाव्यात :

(१) नवी बॅटरी घेताना डब्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. दुकानात दीर्घकाळ पडून असलेली बॅटरी घेऊ नये. हमीपत्रावर दुकानदाराची सही व तारीख घ्यावी.
(२) बसविल्याची तारीख डब्यावर रंगाने लिहून ठेवावी.
(३) हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टोक सोडावे. दर महिन्यास पुन्हा तपासावी.
(४) उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पाणी पाहावे.
(५) तीन वर्षे पुरी झालेल्या बॅटरीची परीक्षा पेरणीपूर्वी अवश्य करून घ्यावी.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. जुनी बॅटरी आणखी एक हंगाम काढील की नाही, हे नुसत्या अंदाजावर सोडू नये. बॅटरीच्या दुकानात तिच्यावर प्रत्यक्ष भार टाकून परीक्षा करता येते व तीस फार वेळ लागत नाही. बॅटरी परीक्षेस उतरली तर निश्चिंत मनाने पेरणीस लागता येते. न उतरली तर नवी आणण्यास हाताशी आठ दिवस असतात. वाफसा आल्यावर ते आठ दिवस मिळत नाहीत.